डार्क मॅटर आणि म्हशीला लागलेली दृष्ट, यात फरक काय?

पाटीपेन्सिल
नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचत होते, आज नाइलाजाने धागा काढतेय. मी मिरजेजवळ एका शाळेत नववी-दहावीला विज्ञान शिकवते. परवा ऑफ तास होता म्हणून पुस्तकाबाहेरचं थोडं सांगत बसले. विश्वाचा जमाखर्च फळ्यावर मांडला, साधं द्रव्य ५ टक्के, डार्क मॅटर २७, डार्क एनर्जी ६८, आणि विश्वाचं वय १३८० कोटी वर्षं. पोरं शांत ऐकत होती, मला वाटलं आज रंगलंय. तेवढ्यात मागच्या बाकावरचा एक उभा राहिला. हा एरवी हजेरीलासुद्धा नीट ओ देत नाही. म्हणाला, "मॅडम, डार्क मॅटर कुणी बघितलंय का?" म्हटलं नाही, पण दीर्घिका ज्या वेगाने फिरतात त्यावरून ते असणार असं कळतं. तर म्हणे, "आमची आजी पण म्हणती म्हशीला दृष्ट लागली. दृष्ट दिसत न्हाई, पण दूध कमी झालं त्यावरनं कळतंय. मग तिचं खोटं आणि तुमचं खरं कसं काय?"

वर्ग हसला. मीही हसले, पण खरं सांगते, उत्तर आलं नाही. "उद्या सांगते" म्हणून वेळ मारून नेली. रात्री विचार करत बसले तर आणखीच गुंता. आकाशातलं काहीतरी आपल्या गणिताप्रमाणे वागत नाही, तर आपण म्हणतो तिथे न दिसणारं काहीतरी आहे. हे ठिगळच ना? आणि नारळीकर सर तर शेवटपर्यंत महास्फोट (बिग बँग) मानत नव्हते, मग त्यांचं काय चुकलं, का चुकलंच नाही? तर प्रश्न असा की सिद्धांताला लावलेलं ठिगळ कधी चालतं आणि कधी ती नुसती सारवासारव असते. सोप्या भाषेत सांगा, मला ते त्या पोराला सांगायचंय.

कोकणी_फणस
पॉपकॉर्नच्या जागी गरे घेऊन बसलोय. येऊद्या.

मीठमिरची
मॅडम, आधी म्हशीची पेंड बदलली का ते विचारा. आमच्याकडे दरवर्षी दृष्ट बरोबर सरकीचा भाव वाढला की लागते.

तर्कटशास्त्री
पोरगं बरोबर आहे आणि मॅडम तुम्ही त्याला शाबासकी द्यायला हवी होती. कार्ल पॉपर नावाच्या गृहस्थांनी सांगून ठेवलंय की जो सिद्धांत खोटा ठरण्याची सोयच ठेवत नाही तो विज्ञान नव्हे. आता महास्फोटाचा हिशोब बघा. विश्व सगळीकडे एकसारख्या तापमानाचं का? उत्तर इन्फ्लेशन, म्हणजे अगदी सुरुवातीला विश्व क्षणात प्रचंड फुगलं, हे १९८० च्या सुमाराला गूथ यांनी घातलं. दीर्घिका विस्कटून का जात नाहीत? डार्क मॅटर. १९९८ मध्ये लांबचे सुपरनोव्हा (स्फोट होणारे तारे) अपेक्षेपेक्षा अंधुक दिसले, म्हणजे प्रसरणाचा वेग वाढतोय, मग डार्क एनर्जी. दर अडचणीला एक नवीन भिडू. आणि अडचण सुटली की नोबेल! माझ्या मते आजीचा सिद्धांत जास्त काटकसरी आहे, ती एका दृष्टीवर सगळं भागवते, म्हैस, नातू, पोळी करपणं, सगळं.

(हलकं घ्या. पण अर्धंच.)

खडूफळा
शास्त्रीबुवा, "सगळं एकावर भागवते" हीच तर आजीची अडचण आहे, पण तिथे नंतर येतो. आधी ठिगळाची एक गोष्ट सांगतो, मॅडमना वर्गात सांगायला उपयोगी पडेल.

युरेनस गणिताप्रमाणे चालत नव्हता. फ्रान्सचा ल व्हेरिए म्हणाला, न्यूटन बरोबर आहे, पलीकडे न दिसणारा एक ग्रह असणार, तो युरेनसला ओढतोय. म्हणजे ठिगळच. पण त्याने नुसतं "असणार" म्हणून सोडलं नाही, कुठे असणार ते आकाशातली जागा दाखवून सांगितलं. पत्र बर्लिनला गाले यांना २३ सप्टेंबर १८४६ ला मिळालं आणि त्याच रात्री सांगितलेल्या जागेपासून एका अंशाच्या आत नेपच्यून सापडला.

आता गंमत. त्याच ल व्हेरिएने १८५९ मध्ये बुधाच्या कक्षेतली गडबड काढली. शंभर वर्षांत साधारण ४३ विकला (एक विकला म्हणजे अंशाचा ३६००वा भाग) इतकी सरक न्यूटनच्या हिशोबात बसत नाही. माणूस तोच, युक्ती तीच. म्हणाला सूर्याजवळ आणखी एक न दिसणारा ग्रह असणार, नाव ठेवलं व्हल्कन. एका खेड्यातल्या डॉक्टरने "मी पाहिला" म्हणून कळवलं, त्याला फ्रान्सचा मोठा सन्मानसुद्धा मिळाला. १८७८ च्या खग्रासात अमेरिकेत दोघा जाणत्या निरीक्षकांनी पाहिल्याचं सांगितलं. व्हल्कन नव्हताच. १९१५ मध्ये आइन्स्टाईनने गुरुत्वाकर्षणाचा नियमच बदलला आणि ४३ विकला आपोआप निघाल्या.

म्हणजे एकच ठिगळ, एकदा ग्रह निघाला, एकदा भूत. लावताना दोन्ही सारखीच दिसत होती. तेव्हा "ठिगळ लावलं" एवढ्यावरून कुणालाच नापास करता येत नाही.

पाटीपेन्सिल
हे फार आवडलं! पण मग डार्क मॅटर नेपच्यून का व्हल्कन?

कोकणी_फणस
हाच प्रश्न विचारायला हात टायपायला गेला होता. मॅडम वर्गातसुद्धा अशाच असणार, पोराचं वाक्य पूर्ण व्हायच्या आत.

रेडिओवाला
मी रेडिओ दुर्बिणीवर इलेक्ट्रॉनिक्सची नोकरी केलेला माणूस, तत्त्वज्ञान आपला प्रांत नाही. पण पुरावा म्हणजे काय यावर एक सांगावंसं वाटतं. तुम्ही सगळे असं धरून चाललाय की पुरावा तिथे पडलेला असतो आणि सिद्धांत त्याला फिट बसवायचा. तसं नसतं हो.

१९४१ मध्ये मॅककेलर नावाच्या शास्त्रज्ञाने ताऱ्यांमधल्या पोकळीतले सायनोजेनचे रेणू तपासले आणि त्यांचं तापमान काढलं २.३ केल्विन, म्हणजे उणे २७० अंशांच्या आसपास. छापून आलं आणि विषय संपला. त्याचा अर्थ कुणाला लागला नाही. १९४८ मध्ये आल्फर आणि हर्मन यांनी कागदावर काढलं की विश्व जर गरम स्थितीतून आलं असेल तर आज सुमारे ५ केल्विनचं प्रारण शिल्लक असेल. तेही लोक विसरले. मग १९६४ मध्ये न्यू जर्सीत होमडेलला पेन्झियास आणि विल्सन यांच्या कर्ण्याच्या अँटेनात एक खरखर यायला लागली जी कुठल्याही दिशेला फिरवली तरी जाईना. कबुतरांनी आत घाण केली होती ती धुतली, कबुतरं हाकलली, सांधे टेपने बंद केले, तरी खरखर आहेच. आणि साठ-एक किलोमीटरवर प्रिन्स्टनला डिकी यांची मंडळी नेमकी हीच खरखर शोधायला यंत्र बांधत होती! एक फोन झाला आणि खरखरीचा "पुरावा" झाला. १९७८ चं नोबेल.

आकडा १९४१ पासून पडून होता. सांगणारा सिद्धांत शेजारी उभा राहिला तेव्हा तो बोलायला लागला. आमच्या कामात शंभर वेळा खरखर येते, नव्व्याण्णव वेळा ती ढिला कनेक्टर असते. शंभरावी कुठली ते नुसतं बघून नाही कळत.

आज्जीबाई७२
रेडिओवाले, जुन्या टीव्हीवर प्रक्षेपण संपलं की ज्या मुंग्या यायच्या, त्यातही ते विश्वाचं प्रारण असायचं म्हणे? नातू सांगत होता, मी म्हटलं चल काहीतरी.

रेडिओवाला
आजी, नातू खरं सांगतोय. शंभरातली एखादी मुंगी तिथली.

आज्जीबाई७२
अगंबाई. म्हणजे आमचे हे गच्चीत अँटेना फिरवायचे आणि मी खालून "आलं... गेलं... आलं, तिथेच धरा" ओरडायची, ते आम्ही विश्वाची सुरुवात घालवायच्या मागे होतो म्हणायचं.

मीठमिरची
धागा इथेच संपवा, याच्यापुढे काही नाही.

गोदाकाठ
मॅडमच्या नारळीकर सरांबद्दलच्या प्रश्नाकडे कुणी वळलंच नाही म्हणून लिहितो. सर २०२५ च्या मे महिन्यात गेले तेव्हा बऱ्याच ठिकाणी एक वाक्य होतं, "त्यांनी महास्फोटाला आव्हान दिलं", पण नक्की काय आव्हान ते कुणी सांगेना.

फ्रेड हॉइल, बॉन्डी आणि गोल्ड यांनी १९४८ मध्ये स्थिर स्थितीचा सिद्धांत मांडला. विश्व पसरतं, पण मधल्या जागेत सावकाश नवीन द्रव्य तयार होतं, त्यामुळे विश्व कायम सारखंच दिसतं, त्याला सुरुवात नाही. "बिग बँग" हे नावसुद्धा हॉइल यांनीच १९४९ मध्ये बीबीसी रेडिओवर पाडलं, स्वतःला न पटणाऱ्या सिद्धांताचं बारसं! नारळीकर केंब्रिजला हॉइल यांचे विद्यार्थी. पुढे १९९३ मध्ये हॉइल, बरबिज आणि नारळीकर यांनी सुधारित आवृत्ती मांडली, एक मोठा स्फोट नाही तर अनेक छोटे, आणि विश्व आकुंचन-प्रसरण पावत हळूहळू वाढतं.

आता त्यांचा मुद्दा ऐका, तो वेडगळ अजिबात नव्हता. आज विश्वात जेवढा हेलियम आहे तो सगळा ताऱ्यांमध्ये तयार झाला असं धरलं, तर त्यातून जेवढी ऊर्जा बाहेर पडेल ती पसरून थंड केली की तापमान येतं साधारण २.७ केल्विन. मोजलेलं तापमान २.७२५! ते विचारत, हा नुसता योगायोग? महास्फोटात या आकड्याचं कारण मिळत नाही, तो मोजून घ्यावा लागतो. आणि सर कायम म्हणत आले की एकाच सिद्धांतावर सगळे पैसे लावू नका, दुसरा कुणीतरी मैदानात पाहिजे, नाहीतर पहिल्याची परीक्षाच होत नाही.

तर्कटशास्त्री
+१. आणि दुसरा मैदानात राहू दिला जातो का हेही विचारा. महास्फोटाच्या विरोधातले खगोलशास्त्रज्ञ हाल्टन आर्प यांना अमेरिकेतल्या पालोमारच्या दुर्बिणीवर वेळ मिळणं बंद झालं आणि ते जर्मनीला गेले. विरोधात पुरावा गोळा करायला दुर्बीण लागते, आणि दुर्बिणीचा वेळ वाटणारी समिती बहुमतवाल्यांची. मग म्हणायचं "विरोधात पुरावाच नाही".

खडूफळा
आर्प यांच्या बाबतीत झालं ते मलाही बरं वाटत नाही. पण एक सांगा, त्यानंतर लाखो क्वेझारांचे (फार लांबच्या दीर्घिकांचे अतिशय तेजस्वी गाभे) सर्व्हे झाले, सगळा विदा (डेटा) कुणालाही फुकट डाउनलोड करता येतो. आर्प म्हणत तसे जवळच्या दीर्घिकांना चिकटलेले क्वेझार त्यात दिसले असते तर आज कुणीही घरबसल्या दाखवून दिलं असतं. समिती तिथे आडवी येत नाही.

रेडिओवाला
गोदाकाठ, सरांबद्दल आदर आहेच, आम्हाला त्यांचं भाषण ऐकायला मिळणं म्हणजे सण असायचा. पण आमच्या बाजूची गोष्ट पण सांगा ना. स्थिर स्थिती चुकीची असेल तर ती कशी चुकेल हे तिच्या लोकांनीच छातीठोक सांगितलं होतं. विश्व कायम सारखं, तर लांबचं म्हणजे जुनं विश्वही आजच्यासारखंच दिसलं पाहिजे. केंब्रिजला राइल यांनी रेडिओ स्रोत मोजले तर अंधुक स्रोत प्रमाणाबाहेर जास्त निघाले. त्यावर भांडण झालं. मग आपल्याकडे गोविंद स्वरूप यांनी उटीला ५३० मीटर लांब आणि ३० मीटर रुंद दुर्बीण उभी केली, डोंगराच्या उताराचा कोन बरोबर तिथल्या अक्षांशाइतका बघून, म्हणजे एकाच आसावर फिरवली की काम झालं. चंद्र एखाद्या रेडिओ स्रोतावरून सरकला की तो स्रोत कसा मावळतो त्यावरून त्याचा आकार काढायचा. शेकडो स्रोत केले. १९७५ च्या सुमाराला स्वरूप आणि कपाही यांनी दाखवलं की अंधुक स्रोतांचे आकार स्थिर विश्वाच्या हिशोबात बसत नाहीत, पूर्वीचं विश्व वेगळं होतं.

आणि नारळीकर सर १९७२ पासून मुंबईच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेत, स्वरूपही टीआयएफआरमध्येच! सिद्धांत मांडणारा आणि त्याविरुद्ध पुरावा काढणारा एकाच संस्थेत. पुढे पुण्यात सरांनी उभी केलेली खगोलशास्त्राची संस्था आयुका आणि खोडदच्या रेडिओ दुर्बिणीचं केंद्र एकमेकांच्या शेजारी. विरोधी पक्ष असा शेजारी राहायला हवा.

थकलेला_फोटॉन
मुळात विश्व पसरतंय हेच कशावरून? प्रकाश लांबून येताना थकतो, ऊर्जा कमी होते, म्हणून लाल दिसतो. मी यावर १४ पानी लेख लिहिलाय, संपर्क करा.

खडूफळा
त्स्विकी यांनी १९२९ मध्येच हे सुचवलं होतं, तेव्हा विचार करण्यासारखं होतं. पण थकलेला प्रकाश फक्त लाल होईल, त्याचा सिनेमा स्लो मोशनमध्ये जाणार नाही. लांबचे सुपरनोव्हा मंद गतीने विझताना दिसतात. तरंगलांबी दुप्पट झाली असेल तर वीस दिवसांचा प्रकार चाळीस दिवस चालतो, आणि तसाच तो मोजलाय. १४ पानांत हे कुठे बसतं?

थकलेला_फोटॉन
पान ११ बघा.

मीठमिरची
आयडीच थकलेला आहे, पान ११ पर्यंत पोचला हेच पुष्कळ.

सह्याद्री_वारा
ऋग्वेदाच्या नासदीय सूक्तात हे सगळं आधीच आहे.

आज्जीबाई७२
बाळा, त्या सूक्ताचा शेवट आठवतो का? हे सगळं कुठून झालं ते वरचा अध्यक्ष जाणतो, "किंवा तोही जाणत नसेल". ज्यांनी "माहीत नाही" असं लिहिलं त्यांच्या नावावर "माहीत होतं" खपवू नये.

एक_नमुना
मी संख्याशास्त्रवाली. तुमचं सगळं वाचून मला एकच घाम फुटतो, की विश्व एकच आहे. औषधाची चाचणी हजार माणसांवर घेतात. इथे रुग्ण एक, तोही एकदाच, आणि डॉक्टर रुग्णाच्या पोटात! आकाशाच्या सगळ्यात मोठ्या पट्ट्यावरचे चढउतार तपासायला नमुनेच मोजके मिळतात, दुर्बीण कितीही भारी आणा, आकाश दुसरं आणता येत नाही. तिथे काही विचित्र दिसलं तर ते खरंच विचित्र का नुसता योगायोग, हे काही वेळा कधीच सांगता येणार नाही. हे कुणी मोकळेपणाने सांगत नाही असं नाही, पण बातम्यांमध्ये येत नाही.

दुसरं, माणसाला हवं ते दिसतं. २०१४ च्या मार्चमध्ये दक्षिण ध्रुवावरच्या बायसेप-२ दुर्बीणवाल्यांनी जाहीर केलं की इन्फ्लेशनच्या गुरुत्वीय लहरींची खूण सापडली. शॅम्पेन वगैरे उघडून झालं. वर्षाच्या आत प्लँक उपग्रहाबरोबर हिशोब केल्यावर कळलं की बराचसा सिग्नल आपल्याच आकाशगंगेतल्या धुळीचा. म्हणून आता बऱ्याच टीम डोळ्यावर पट्टी बांधून काम करतात, म्हणजे शेवटचा आकडा मुद्दाम झाकून ठेवतात, पद्धत पक्की झाली की मगच उघडतात.

आणि मॅडम, तुमच्या विद्यार्थ्यासाठी: हेच नारळीकर सरांनी फलज्योतिषावर करून दाखवलं होतं, दाभोलकर वगैरे मंडळींबरोबर. निम्म्या कुंडल्या हुशार मुलांच्या, निम्म्या मतिमंद मुलांच्या. २७ ज्योतिषांनी प्रत्येकी ४० कुंडल्या तपासून उत्तरं पाठवली. बरोबर आली सरासरी ४६ टक्के. नाणं उडवलं असतं तर ५० आली असती.

कोकणी_फणस
म्हणजे नाण्याची दक्षिणा वाढवायला हवी.

हिंगोलीकर
या सगळ्यात आमच्या जिल्ह्याचं नाव कुणी घेत नाही म्हणून हजेरी. औंढा नागनाथला लायगो-इंडिया, म्हणजे गुरुत्वीय लहरी पकडायचं केंद्र होतंय, २०२३ च्या एप्रिलमध्ये केंद्राने २६०० कोटी मंजूर केले. गावात पहिला प्रश्न, "लहरी पकडून ठेवणार कशात?"

खडूफळा
हिंगोलीकर, तुमची एन्ट्री बरोबर वेळेवर! आज सगळ्यात मोठी भांडणाची जागा म्हणजे विश्व किती वेगाने पसरतंय. प्लँकने जुन्या प्रारणावरून काढलं ६७.४ (दर ३३ लाख प्रकाशवर्षांमागे सेकंदाला इतके किलोमीटर). जवळचे तारे आणि सुपरनोव्हा मोजून येतं साधारण ७३. दोन्ही बाजू आपापल्या चुका दहा वेळा तपासून बसल्यात आणि आकडे जुळत नाहीत. गुरुत्वीय लहरींनी तिसऱ्याच वाटेने अंतर मोजता येतं, ना ताऱ्यांची शिडी लागते ना जुनं प्रारण. २०१७ च्या ऑगस्टमधल्या न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीवरून आकडा आला साधारण ७०, पण चुकीची शक्यता एवढी मोठी की दोन्ही बाजू त्यात मावतात. अशा टकरी भरपूर मिळाल्या की निकाल लागेल. तिथे तुमचं औंढा.

हिंगोलीकर
म्हणजे आमच्याकडे पंचायत बसणार, अमेरिका-युरोपची!

तर्कटशास्त्री
पण मूळ मुद्दा निसटला. खडूफळा, ६७ आणि ७३ जुळत नाही, पॉपरप्रमाणे सिद्धांत पडला की नाही? का परत नवीन ठिगळ?

खडूफळा
पॉपरप्रमाणे तर महास्फोट १९३० च्या दशकातच पडला होता. हबल यांनी १९२९ मध्ये प्रसरणाचा वेग काढला सुमारे ५००. त्यावरून विश्वाचं वय येतं २०० कोटी वर्षं. आणि पृथ्वीवरचे खडकच त्याहून जुने निघायला लागले! आईपेक्षा मुलगी मोठी. स्थिर स्थितीचा सिद्धांत निघायला हेही एक कारण होतं, ज्याला सुरुवातच नाही त्याला वयाची अडचण नाही.

मग झालं काय? वॉल्टर बाडे नावाचा जर्मन माणूस अमेरिकेत माउंट विल्सनला होता. महायुद्धात बाकीचे युद्धकामाला गेले, हा शत्रुराष्ट्राचा म्हणून याला घेतलं नाही. लॉस एंजेलिसमध्ये ब्लॅकआउट, आकाश काळंकुट्ट, शंभर इंची दुर्बीण याच्या एकट्याच्या ताब्यात. त्याने देवयानी दीर्घिकेच्या गाभ्यातले तारे वेगळे करून पाहिले आणि लक्षात आलं की तारे दोन जातीचे आहेत. पुढे १९५२ मध्ये त्याने सांगितलं की अंतर मोजायला वापरतो ते सेफीड (ठरावीक लयीत उजळ-अंधुक होणारे) तारेसुद्धा दोन प्रकारचे, हबल यांनी दोन्ही एक धरले होते. अंतरं दुप्पट झाली, वय वाढलं. सिद्धांत बरोबर होता, मोजपट्टी चुकीची होती. १९३५ मध्ये पॉपर वाचून सिद्धांत टाकून देणारा माणूस शहाणा दिसला असता आणि चुकला असता.

गोदाकाठ
पण मग कुठलाही सिद्धांत "मोजपट्टी चुकली असेल" म्हणून कायम जगवता येईल. स्थिर स्थितीवालेही तेच म्हणाले. राइल यांच्या मोजणीला तेच उत्तर, प्रारणाला म्हणाले ताऱ्यांचा प्रकाश लोखंडाच्या बारीक सुयांनी पसरवलेला असेल, मिलिमीटरभर लांबीच्या सुया. त्यांची ठिगळं ती ठिगळं आणि यांची ते शोध, असं कसं?

खडूफळा
हा धाग्यातला सगळ्यात चांगला प्रश्न. माझं उत्तर असं, कुणाला पटो न पटो. ठिगळ कशाचं आहे ते बघू नका, ते दुसऱ्या जागी घालून बघा.

लोखंडाच्या सुया पार्श्वप्रारणासाठी, म्हणजे होमडेलच्या त्या खरखरीसाठी आणल्या. त्यांनी प्रारणाचं काम केलं, पण बाकी कुठे उपयोगी पडल्या असं फारसं नाही. उलट पुढे प्रारणात जे बारीक चढउतार सापडले त्यासाठी वेगळी मांडणी करावी लागली.

डार्क मॅटर १९३३ मध्ये त्स्विकी यांनी दीर्घिकांच्या समूहासाठी आणलं. चाळीस वर्षं कुणी मनावर घेतलं नाही. मग व्हेरा रुबिन आणि फोर्ड यांना दीर्घिकांच्या फिरण्यात तीच अडचण दिसली. मग प्रकाश वाकतो त्यावरून वजन केलं, तिथे तेच. पण खरा कस वेगळाच. पार्श्वप्रारणाच्या चढउतारांवरून साधं द्रव्य आणि डार्क मॅटर यांचं प्रमाण निघतं. एकूण द्रव्यात साधं द्रव्य साधारण सहावा हिस्सा, म्हणजे रुपयात अडीच-पावणेतीन आणे. आता दीर्घिकांचे समूह घ्या, त्यातला गरम वायू क्ष-किरणांत मोजा, एकूण वजन वेगळं काढा. तिथेही सहाव्या हिश्शाच्याच आसपास! साध्या द्रव्याचं प्रमाण ड्युटेरियमवरून (जड हायड्रोजन) तिसऱ्याच रीतीने काढा, तरी तेच. पहिला आकडा विश्व ३ लाख ८० हजार वर्षांचं असतानाचा, दुसरा आजचा, तिसरा पहिल्या काही मिनिटांतला. कुणीही मधे बटण फिरवलेलं नाही.

आणि १९७० मध्ये कागदावर लिहिलं होतं की तरुण विश्वातल्या ध्वनिलहरींचा ठसा दीर्घिकांच्या मांडणीत उरलेला असेल. २००५ मध्ये तो सापडला, ५० कोटी प्रकाशवर्षांच्या आसपास, जिथे असायला हवा तिथेच.

शिंप्याने गुडघ्याच्या मापाने ठिगळ कापलं आणि तेच कोपरावर, खांद्यावर, दुसऱ्याच माणसाच्या सदऱ्यावर टाका न उसवता बसलं, तर मला शंका येते की ते कापडच तिथलं आहे.

तर्कटशास्त्री
ठीक आहे, एवढं मान्य. सदऱ्याचं मान्य. पण मग मिल्ग्रॉम यांचं काय? १९८३ मध्ये त्यांनी डार्क मॅटर न घेता गुरुत्वाकर्षणाचा नियमच अगदी कमी त्वरणाला बदलला, एकच आकडा घालून, आणि त्याच आकड्याने शेकडो दीर्घिकांच्या फिरण्याचा हिशोब लागतो. तोही एक सदरा झाला की. आणि इकडे दक्षिण डकोटात जुन्या सोन्याच्या खाणीत, जमिनीखाली दीड किलोमीटरवर, डार्क मॅटरचा कण पकडायला १० टन द्रवरूप झेनॉन भरून बसलेत, अजून डार्क मॅटरचा एक कण नाही. व्हल्कनवालेही असेच खग्रासाची वाट बघत बसायचे.

खडूफळा
मिल्ग्रॉम यांचं यश खरं आहे, त्याला हसू नये. दीर्घिकांवर छान बसतं, दीर्घिकांच्या समूहांवर मात्र त्यांनाही न दिसणारं द्रव्य लागतंच, तिथे टाका उसवतो. झेनॉनबद्दल माझ्याकडे उत्तर नाही. कण सापडला नाही म्हणजे "या वजनाचा, या स्वभावाचा नाही" एवढंच कळतं, आणि यादी लांब आहे. कुठल्या वर्षी थांबायचं? ल व्हेरिए १८७७ मध्ये वारला तोवर व्हल्कन मानत होता. थांबा असं आतून कुणाला कळत नाही बहुतेक. दुसरं काही चांगलं समोर आलं की मागे वळून कळतं.

एक_नमुना
यात डार्क एनर्जी अजून कच्ची आहे हेही लिहा, म्हणजे मॅडम सगळं एका दमात सांगणार नाहीत. अ‍ॅरिझोनातल्या डेसी या दीर्घिकांच्या सर्व्हेच्या २०२४ आणि २०२५ च्या निकालांत ती काळाबरोबर बदलत असावी असा इशारा आहे. इशाराच, शिक्कामोर्तब नाही. ते ६८ टक्के वर्गात पेन्सिलने लिहा, खडूने नको.

कोकणी_फणस
आणि ते अनेक विश्वांचं काय? दुसऱ्या कुठल्यातरी विश्वात मी वेळेवर कर भरलाय असं ऐकतो.

खडूफळा
तिथे माझी पॉपरशी दोस्ती होते. जे कधीच कुणालाही, आडवळणानेसुद्धा, तपासता येणार नाही ते कितीही देखणं असो. २०१४ मध्ये एलिस आणि सिल्क या शास्त्रज्ञांनी नेचर या विज्ञान नियतकालिकात यावर चांगलंच खडसावलं होतं, की सिद्धांत सुंदर आहे म्हणून तपासणी माफ करू नका.

थकलेला_फोटॉन
पान ११ कुणी बघितलं का?

पाटीपेन्सिल
मंडळी, आठवडाभराने येतेय, सगळ्यांचे आभार. वर्गात काय झालं ते सांगायलाच हवं.

व्हल्कन आणि नेपच्यून सांगितलं, पोरं खूश. शिंप्याचं ठिगळ सांगितलं. मग त्या मुलाला म्हटलं, आता तू सांग, आजीची दृष्ट दुसऱ्या जागी बसते का? तो म्हणाला, "मॅडम, सगळीकडंच बसती." म्हटलं बरोबर, मग ती कुठे बसत नाही ते शोध. तो काय करणार मला कल्पना नव्हती. त्याने वहीच्या मागच्या पानावर रोजचं दूध लिहायला घेतलं, सकाळची धार आणि संध्याकाळची धार वेगळी. शेजारी पेंड कुठली घातली ते. (मीठमिरची, तुमचा निरोप मीच पोचवला.) आणि रोज रात्री आजीला विचारायचं, "उद्या दूध कमी येणार का?"

आजी पहिल्या दिवशी म्हणाली, येडा का खुळा, दृष्ट लागल्यावर कळती, आधी कशी कळंल? तेच तिने चार दिवस सांगितलं. पाचव्या दिवशी काकाने दुसऱ्या दुकानातली पेंड आणली. पोराने आदल्या रात्रीच वहीत "उद्या कमी" लिहून ठेवलं आणि पानाची घडी घालून काकीकडे दिली. सकाळी दीड लिटर कमी!

पोरगं वही नाचवत आजीकडे गेलं. आजीने वही बघितली, मीठमोहऱ्या हातात घेतल्या आणि म्हणाली, "तरीच म्हणलं. रोज वहीत लिवतंय, मोजतंय. तुझीच लागली बग."

तर्कटशास्त्री
दंडवत. आजींना आयुकात पाठवा.

मीठमिरची
पेंड कुठल्या दुकानातली ते कळवा, आमच्याकडचीच दिसते.

पाटीपेन्सिल
:) त्याला आता दुर्बीण बघायचीय म्हणे. रेडिओवाले, खोडदला शाळेच्या मुलांना आणता येतं का? एसटीने जमेल?

रेडिओवाला
जरूर आणा. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला दुर्बीण खुली असते, शाळांचे प्रयोगही मांडतात. नारायणगावला उतरायचं, तिथून खोडद जवळ आहे. ४५ मीटर व्यासाच्या तीस अँटेना आहेत, सगळ्या एका ठिकाणी नाहीत, पण मधल्या भागातल्या बऱ्याच दिसतात. मोबाईल मात्र बंद ठेवायला सांगा, खरखर येते. आणि त्या पोराला म्हणावं वही घेऊन ये.